तेलावरचा बॉयलर सारखा बंद पडतोय? आधी घड्याळ, मग रिसेट

घर गरम ठेवणारा तेलाचा बॉयलर बंद पडला की बहुतेकांचा हात आधी लाल बटणावर जातो. बटण दाबलं, बर्नर घरघरला, पेटला, जीव भांड्यात पडला. तासाभराने पुन्हा थंड. पुन्हा बटण. दोन दिवस असे काढल्यावर मेकॅनिकला फोन होतो. तो विचारतो, "नेमकं काय होतंय?" उत्तर मिळतं, "सारखा बंद पडतोय." एवढ्यावरून त्याला काही कळत नाही. मग तो अंदाजाने एखादा पार्ट बदलतो आणि आठवड्याने तीच रड.

बॉयलर कोणत्या क्षणी बंद पडतो, यातच निम्मं निदान असतं. सुरू झाल्यावर विसाव्या सेकंदाला विझणारा बर्नर आणि विसाव्या मिनिटाला विझणारा बर्नर, दोघांची दुखणी वेगळी. म्हणून पाना नंतर, घड्याळ आधी.

खालचं सगळं घरगुती बॉयलरच्या नेहमीच्या प्रकाराबद्दल आहे. त्यात रॉकेल किंवा डिझेलसारखं तेल पंपाने दाबून बारीक नोझलमधून फवारलं जातं, ठिणगीने पेटतं आणि पंख्याच्या हवेवर जळतं.

## तयारी: हात लावण्याआधी

हाताशी हे ठेवा: बॅटरी, सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइल, वही-पेन, सुती कोरडं फडकं, रुंद तोंडाची स्वच्छ काचेची बरणी, तेल सांडलं तर खाली धरायला उथळ ट्रे आणि तेलाला चालतील असे हातमोजे. बॉयलरचं माहितीपुस्तकही शोधून ठेवा. रिसेटचं बटण, थर्मोस्टॅट आणि उष्णतेचा सुरक्षा-स्विच प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असतो. नको ते झाकण उघडण्यापेक्षा पानं चाळण्यात गेलेली दहा मिनिटं बरी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे का, चालू आहे का, ते बघा. त्याचं बटण दाबून आवाज ऐका. या वायूला ना रंग ना वास. बॉयलर नीट जळत नसेल आणि धूर बाहेर जात नसेल, तर तो घरात साठतो.

सावधान: अलार्म वाजला, किंवा घरातल्या एकाहून जास्त जणांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली, तर पुढचं काहीही करू नका. बॉयलर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांनी बाहेर पडा आणि मदत मागवा. तपासणी हा नंतरचा विषय.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका. बॉयलरचं बाहेरचं झाकण, टाकी, टाकीजवळचा फिल्टर, फोटोसेल (ज्योत दिसते का ते बघणारा बर्नरचा 'डोळा') आणि रेडिएटर इथपर्यंत हौशी माणसाची हद्द. नोझल, ठिणगी पाडणारे इलेक्ट्रोड, पंपाचा दाब, बर्नरची हवा कमी-जास्त करणारी पट्टी आणि विजेच्या तारा ही मेकॅनिकची हद्द. हवेची पट्टी अंदाजाने फिरवून ज्योत "चांगली दिसते" म्हणणारे बरेच भेटतात. धुरातले वायू मोजायचं यंत्र लावल्याशिवाय ती ज्योत चांगली आहे की काजळी धरतेय, हे डोळ्यांनी कळत नाही.

## १. 'बंद' म्हणजे नेमकं काय बंद, ते ठरवा

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

पहिला प्रकार: बर्नर लॉकआउटमध्ये जातो. बर्नरवरचा लाल दिवा लागतो आणि तो दाबल्याशिवाय बर्नर हलत नाही. याचा अर्थ बर्नरचं चालू-बंद सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्सला ज्योत दिसली नाही, किंवा दिसू नये तेव्हा दिसली. दोष तेल, ठिणगी, हवा किंवा फोटोसेल यांच्यापैकी कुठेतरी.

दुसरा प्रकार: जास्त तापल्याने सुरक्षा-स्विच पडतो. बर्नरवर लाल दिवा नाही, पण बॉयलर पूर्ण गप्प आणि अंगाला चटका बसेल इतका गरम. बहुतेक मॉडेलमध्ये थर्मोस्टॅटजवळ एका लहान टोपीखाली या स्विचचं बटण असतं. इथे बर्नर निर्दोष असतो. उष्णता पाण्यातून पुढे जात नाही, हे खरं दुखणं.

तिसरा प्रकार: बर्नर दोन-तीन मिनिटं चालतो, थांबतो, थोड्या वेळाने आपणहून पुन्हा चालू होतो. लाल दिवा नाही, बटण दाबावं लागत नाही. हा बिघाड नसतोच बऱ्याचदा. पाणी लवकर तापतंय आणि थर्मोस्टॅट आपलं काम करतोय.

पहिल्या प्रकारासाठी २ ते ८ पायऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी थेट ९ वर जा. मधल्या पायऱ्यांत वेळ घालवू नका.

तपासा: लाल दिवा बर्नरवरच आहे ना? बॉयलरच्या पुढच्या पॅनेलवर "चालू आहे" असं दाखवणारा दिवाही काही मॉडेलमध्ये लाल असतो. त्यालाच लॉकआउट समजून फसलेले लोक मी पाहिले आहेत.

## २. रिसेट: एकदा, फार तर दोनदा

सर्वांत जास्त चुकणारी पायरी हीच.

दर वेळी बटण दाबलं की नोझलमधून काही सेकंद तेल फवारलं जातं. ते पेटलं नाही तर जातं कुठे? ज्वलनकक्षात साचतं. पाच-सहा वेळा दाबलं की आत तेलाने चिंब झालेली भट्टी तयार होते. मग सातव्या वेळी ठिणगी पडली, की ते सगळं एकदम पेट घेतं. मोठा दणका बसतो, झाकण उडू शकतं, धुराडं निखळू शकतं आणि खोलीभर काजळी होते.

म्हणून नियम असा: लॉकआउट झाल्यावर किमान एक मिनिट थांबा, कारण बरेच कंट्रोल बॉक्स त्याआधी रिसेट घेतच नाहीत. मग एकदा दाबा. पुन्हा लाल झाला तर कारण शोधा. एखादी गोष्ट दुरुस्त केल्यावर दुसऱ्यांदा दाबा. तिसऱ्यांदा दाबायचा मोह झाला तर मेन स्विच बंद करा आणि फोन उचला.

सावधान: तुमच्या आधी घरातल्या कुणी किती वेळा बटण दाबलं, ते विचारून घ्या. "एकदाच दाबलं" म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा. आकडा चारच्या पुढे असेल तर बर्नर सुरूच करू नका. मेकॅनिकला कक्ष उघडून तेल साचलंय का ते बघायला सांगा.

## ३. आधी सोप्या गोष्टी

या तपासायला पाच मिनिटं लागतात. तरी निम्मे लोक त्या सोडून पुढे पळतात.

मेन स्विच आणि फ्यूज. टायमरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय का. वीज जाऊन आली की बरीच घड्याळं मागे पडतात. खोलीतला थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाच्या वर आहे का. बॉयलरचा थर्मोस्टॅट कुणी शून्यावर तर नेला नाही ना.

आणि टाकीत तेल आहे का. हसू नका. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी असते, तिच्या खालच्या टोकाला अनेकदा दाबायचा लहान व्हॉल्व्ह असतो. तो दाबल्याशिवाय नळीतली पातळी हलत नाही. म्हणजे गेल्या महिन्यातलं तेल आज दिसत राहतं. शंका असेल तर वरून स्वच्छ कोरडी काठी घालून मोजा. हेही लक्षात घ्या की तेलाचा पाइप टाकीच्या अगदी तळाशी नसतो, थोडा वर असतो. काठीला चार बोटं तेल लागलं म्हणजे बॉयलरला तेल मिळतंय असं नाही.

## ४. सुरू होताना कान लावा

सगळी तपासणी या पायरीवर टेकलेली आहे. बर्नरजवळ बसा, दुसऱ्या कुणाला बाहेर धुराड्याच्या तोंडाकडे लांबून बघायला सांगा, घड्याळ हातात घ्या आणि ठरलेला तो एक रिसेट इथे वापरा.

नीट चालणाऱ्या बर्नरचा क्रम असा असतो. मोटर फिरते, पंखा हवा ढकलतो. साधारण दहा-पंधरा सेकंद नुसती हवा जाते, आतला जुना वायू बाहेर काढायला. याच काळात बऱ्याच बर्नरमध्ये ठिणगीची बारीक चरचर ऐकू येते. मग 'टक' असा आवाज: सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला, तेल सुटलं. लगेच 'भुस्स' करून ज्योत आणि मग एकसारखा घोंघावणारा आवाज. तेल सुटल्यापासून पुढच्या पाच-दहा सेकंदांत फोटोसेलला ज्योत दिसली नाही, तर कंट्रोल बॉक्स सगळं बंद करून लाल दिवा लावतो.

आता तुमचा बर्नर यात कुठे अडतो ते बघा.

काहीच हलत नाही. वीज पोचत नाही, किंवा थर्मोस्टॅट-टायमरकडून मागणीच येत नाही. पायरी ३ पुन्हा.

मोटर गुणगुणते, फिरत नाही. मोटरचा कपॅसिटर गेला असेल, किंवा पंप अडकला असेल. ताबडतोब स्विच बंद करा, मोटर जळेल. मेकॅनिकचं काम.

मोटर फिरते, टक आवाज येतो, पण ज्योत नाही. इथे बाहेर उभ्या माणसाचं उत्तर महत्त्वाचं. धुराड्यातून तेलाचा वास येणारा पांढरा धूर निघाला, तर तेल येतंय पण पेटत नाही: इलेक्ट्रोड किंवा ठिणगीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. काहीच निघालं नाही, तर तेलच येत नाही: पायरी ५. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली उष्णताही वापरून घेणारा) एरवीही पांढरी वाफ सोडतो, पण ती पाण्याची असते आणि तिला तेलाचा वास नसतो.

ज्योत छान पेटते, काही सेकंदांनी बर्नर आपणच विझतो. ज्योत आहे, पण कंट्रोल बॉक्सला दिसत नाही. फोटोसेल: पायरी ७.

ज्योत पेटते, पण फडफडते, गुरगुरते, मग विझते. तेलात हवा किंवा पाणी, नाहीतर फिल्टर तुंबलेला. पायरी ५ आणि ६.

हवा जाण्याच्या काळातच, टक आवाज येण्याआधी लाल दिवा. ज्योत नसताना फोटोसेलला उजेड दिसतोय. फोटोसेल खराब असेल किंवा व्हॉल्व्ह गळून आत आधीच काहीतरी जळत असेल. हात लावू नका.

वीस-तीस मिनिटं उत्तम, मग लॉकआउट. थंड झाला की पुन्हा उत्तम. तापल्यावर दगा देणारा विजेचा भाग: सोलेनॉइडची कॉइल, ट्रान्सफॉर्मर किंवा कंट्रोल बॉक्स. टाकीचा श्वास कोंडला असेल तरी असंच वागणं दिसतं. तो पुढच्या पायरीत आहे, आधी तो तपासा, कारण तो फुकट आहे.

वहीत लिहा: तारीख, वेळ, कोणत्या सेकंदाला किंवा मिनिटाला बंद पडला, कोणता आवाज आला, बाहेर थंडी, वारा किंवा पाऊस होता का. तीन-चार नोंदी झाल्या की चोर बहुधा दिसायला लागतो.

## ५. टाकीपासून बर्नरपर्यंत तेलाची वाट

क्रम महत्त्वाचा. टाकीकडून सुरुवात करा आणि बर्नरकडे या. उलट केलंत तर पुढचा फिल्टर साफ कराल आणि मागून तोच गाळ परत येईल.

टाकीचा श्वास. तेल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आत यायला लागते. त्यासाठीचं भोक किंवा वाकडा पाइप कोळ्याच्या जाळ्याने, मातीने, बर्फाने बुजला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येईनासं होतं. परीक्षा सोपी: बॉयलर बंद पडल्या पडल्या टाकीचं भरायचं झाकण सैल करा. 'स्स्स' करून हवा आत गेली, तर चोर सापडला.

टाकीतलं पाणी. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. येतं कुठून? अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा थंडीत ठिबकतो, नाहीतर सैल झाकणातून पाऊस शिरतो. पाणी ओळखायची एक पेस्ट मिळते. ती काठीच्या टोकाला फासून तळाला टेकवायची, पाण्याचा स्पर्श झाला तेवढा भाग रंग बदलतो. पाणी असेल तर ते काढून घ्यावं लागेल. टाकीला तळाशी गाळ काढायची तोटी असेल तर तिथून, नसेल तर पंप लावून.

टाकीजवळचा फिल्टर. टाकीचा कॉक पूर्ण बंद करा. बंद झालाय याची खात्री करा, नाहीतर टाकीभर तेल ट्रेमध्ये येईल. मेन स्विच बंद. ट्रे खाली धरा, फिल्टरचा पेला उघडा आणि त्यातलं तेल त्या स्वच्छ बरणीत ओता. बरणी दहा मिनिटं खिडकीत उजेडात ठेवा आणि मग बघा. चांगलं तेल काचेसारखं आरपार दिसतं. तळाशी वेगळा थर किंवा गोल मणी लोळताना दिसले तर ते पाणी. काळपट, चिखलासारखा थर म्हणजे गाळ. तेल गढूळ, धूसर दिसलं तर पाणी त्यात मिसळलेलं आहे.

आमच्याकडे एका हिवाळ्यात बॉयलर फक्त पहाटे बंद पडायचा. दहा वाजले की आपोआप शहाणा. फोटोसेल बदलून झाला, कंट्रोल बॉक्स बदलून झाला, दोघांचे पैसे देऊन झाले. नंतर कुणालातरी फिल्टर उघडायची बुद्धी झाली, तर पेल्याच्या तळाशी बोटभर पाणी. रात्री त्याचा बर्फ व्हायचा, उन्हं चढली की वितळायचा. "पहाटेच बंद पडतो" ही गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आम्हीही नाही.

पेला आणि आतली जाळी स्वच्छ तेलाने धुवा, पाण्याने अजिबात नाही. कागदी काडतूस असेल तर नवं घाला. पेल्याचा रबरी वॉशर चपटा किंवा तडकलेला दिसला तर बदलाच. जुनाच वॉशर परत घालणं ही फिल्टर साफ करतानाची नेहमीची चूक: तेल बाहेर गळत नाही, पण पंप ओढतो तेव्हा तिथून हवा आत शिरते आणि आधी नव्हता तो नवा बिघाड सुरू होतो.

थंडीत घट्ट होणारं तेल. रॉकेल नेहमीच्या कडक थंडीतही पातळ राहतं. डिझेलच्या जातीचं तेल मात्र गोठणबिंदूच्या खाली मेणचट होऊ लागतं आणि ते मेण फिल्टरमध्ये अडकतं. बाहेरची टाकी, उघडा पाइप आणि असं तेल असेल तर पाइपवर आवरण घाला. मनानेच तेलाचा प्रकार बदलू नका. नोझल आणि पंपाचा दाब तेलानुसार ठरलेले असतात.

आगीच्या वेळी तेल तोडणारा व्हॉल्व्ह. बॉयलरच्या आत उष्णता जाणणारा लहान दांडा आणि तेलाच्या पाइपवर, बहुतेकदा घराबाहेर, त्याला जोडलेला व्हॉल्व्ह. हा पडला की तेल पूर्ण बंद. काहींवर पुन्हा उघडायचं बटण असतं. तो आपोआप पडत असेल तर बटण दाबून गप्प बसू नका. बर्नरच्या बाजूने उष्णता बाहेर येतेय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

तपासा: नुकतंच तेल भरलंय का? भरताना तळाचा गाळ ढवळला जातो. भरण्याआधी बॉयलर बंद करा आणि भरल्यावर काही तास तेल स्थिरावू द्या.

## ६. पंपाने हवा धरली असेल तर

टाकी रिकामी झाली, फिल्टर उघडला किंवा पाइपचा एखादा जोड सैल झाला, की पंप हवा धरतो. टाकीकडून येणारा आणि परत जाणारा असे दोन पाइप असतील तर हवा बहुधा आपणच निघून जाते. एकच पाइप असेल तर हाताने काढावी लागते.

ही पायरी कुणाकडून तरी एकदा बघून घेतली असेल तरच करा.

१) मेन बंद. टाकीचा कॉक आता पूर्ण उघडा. (तो उघडायचा विसरून अर्धा तास हवा काढत बसणं, हे सर्रास होतं.)

२) पंपावरचा हवा काढायचा स्क्रू माहितीपुस्तकात शोधा. शेजारीच दाब कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो फिरवलात तर बर्नरची सगळी जुळणी बिघडेल. खात्री नसेल तर इथेच थांबा.

३) स्क्रूखाली बरणी धरा आणि तो एक-दोन आटे सैल करा.

४) मेन चालू करून रिसेट दाबा. पंप फिरेल, आधी फुसफुस हवा, मग फेसाळ तेल येईल. स्क्रू सैल असल्याने दाब तयार होत नाही, त्यामुळे ज्योत पेटणार नाही आणि लाल दिवा लागेल. हे अपेक्षितच आहे.

५) बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार आली की स्क्रू घट्ट करा, सांडलेलं तेल पुसा. मग एक मिनिट थांबून एकच रिसेट.

दोन फेऱ्यांत धार अखंड झाली नाही तर हवा कुठूनतरी सतत आत येतेय. पाइपच्या जोडांभोवती, लवचिक होजवर आणि फिल्टरच्या कडेला कागद फिरवून ओल दिसते का बघा. पण ओल नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. पंप ज्या बाजूने ओढतो तिथे हवा आत जाते, तेल बाहेर येत नाही.

## ७. फोटोसेल पुसणं

ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल तरच ही पायरी.

मेन स्विच बंद करा. नुसता टायमर बंद करून भागत नाही. फोटोसेल म्हणजे बर्नरच्या अंगात खोचलेला, करंगळीएवढा, तारेला जोडलेला भाग. बहुतेक बर्नरमध्ये तो हाताने सरळ बाहेर ओढता येतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण काहींना ठरलेली दिशा असते आणि उलटा बसवला तर तो भिंतीकडे बघत बसतो.

टोकाच्या काचेवर काजळी किंवा तेलाची पुटं दिसतील. कोरड्या सुती फडक्याने पुसा. पाणी, साबण, घासणी काही नाही. तो बसतो ते भोकही बॅटरीने बघा. मग पूर्ण आत दाबून बसवा. अर्धवट बसलेला फोटोसेल हे "सर्व्हिस झाली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद पडायला लागला" या तक्रारीमागचं नेहमीचं कारण.

आता खरा मुद्दा. फोटोसेल पुसल्यावर बर्नर चालला, पण काही दिवसांत काच पुन्हा काळी झाली, तर दोष फोटोसेलचा नाही. ज्वलन घाण होतंय: नोझल झिजलंय, हवा कमी पडतेय किंवा धूर मागे येतोय. दर रविवारी काच पुसत बसू नका.

निळ्या ज्योतीच्या बर्नरमध्ये ज्योत ओळखणारा भाग वेगळ्या प्रकारचा असतो. तो काढू नका.

## ८. हवा आत, धूर बाहेर

वहीतल्या नोंदींत "वारा होता" पुन्हा पुन्हा आलं असेल तर इथे बघा. धुराड्याच्या तोंडाशी घरटं, पानं, बर्फ, वाढलेली वेल आहे का? वारा थेट तोंडात घुसतोय का? बॉयलरच्या खोलीतल्या हवेच्या जाळीवर कुणी थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावलाय का? हा पुठ्ठा लावणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. तो काढा आणि पुन्हा लागणार नाही असं बघा.

सावधान: बॉयलरभोवती काजळीचे डाग, घरात धुराचा वास, किंवा धुराड्यातून काळा धूर दिसला तर बॉयलर बंद ठेवा. आतले उष्णतेचे मार्ग काजळीने भरलेत की धुराडं तुंबलंय, हे उघडून बघावं लागतं. झाकण काढून बॉयलर चालवत ठेवणं तर कधीच नको. काही बॉयलर झाकणाच्या सीलवरच धूर आत येण्यापासून रोखतात.

## ९. बर्नर ठीक, पाणी अडलेलं

सुरक्षा-स्विच पडत असेल तर प्रश्न एकच: उष्णता पुढे का जात नाही?

बंद प्रणाली (पाणी दाबाखाली ठेवणारी) असेल तर दाबाचा काटा बघा. थंड असताना साधारण १ ते १.५ बार हवा. शून्याजवळ असेल तर पाणी भरा आणि भरण्याचा व्हॉल्व्ह नंतर बंद करा. गरम झाल्यावर काटा ३ बारकडे धावत असेल आणि थंड झाल्यावर शून्यावर येत असेल, तर प्रसरण-टाकीतली (गरम पाण्याला फुगायला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलेली आहे. पाणी भरत राहून ते सुटणार नाही.

मग पाणी फिरवणारा पंप. हात लावून बघा. थरथर जाणवते का? बॉयलरमधून निघणारा पाइप चटका देतो आणि परत येणारा गार, अशी स्थिती असेल तर पाणी फिरत नाही. पंप अडकलाय, मधला व्हॉल्व्ह बंद आहे किंवा पाइपात हवा आहे. रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर त्याची हवा काढा. हे काम बॉयलर थंड असताना करा आणि शेवटी दाब पुन्हा बघा.

कारण सापडल्यावर, बॉयलर निवल्यावर, सुरक्षा-स्विचचं बटण एकदा दाबा. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅटच बिघडलेला असू शकतो. तो स्विच टेप लावून किंवा तारेने जोडून चालू ठेवणं म्हणजे उकळत्या पाण्याशी खेळ.

तिसरा प्रकार, म्हणजे दोन मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, याचं उत्तर बहुधा रेडिएटरच्या व्हॉल्व्हमध्ये असतं. सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद आणि एकच उघडा असेल तर बॉयलर उष्णता टाकणार कुठे? दोन-तीन रेडिएटर उघडे ठेवा. बॉयलरचा थर्मोस्टॅट फारच खाली असेल तर थोडा वर घ्या.

## १०. मेकॅनिकला बोलावताना

फोनवर या पाच गोष्टी सांगा: लाल दिवा लागतो की नाही, तेल सुटल्याचा टक आवाज येतो की नाही, कोणत्या सेकंदाला किंवा मिनिटाला बंद पडतो, धुराड्यातून पांढरा धूर आला का, आणि रिसेट एकूण किती वेळा दाबलं. शेवटचा आकडा लपवू नका, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. फिल्टरमधल्या तेलाची बरणी झाकण लावून ठेवली असेल तर ती दाखवा.

तो आल्यावर पहिलाच पार्ट कंट्रोल बॉक्स बदलू लागला, तर थांबवून विचारा, "तेलाचा दाब मोजला का?" पंपाला गेज लावून दाब बघायला फार वेळ लागत नाही. नोझल बदललं तर जुनं मागून घ्या आणि त्यावर कोरलेला आकडा व कोन नव्याशी जुळतो का ते बघा. काम झाल्यावर धुरातले वायू मोजून त्याचा कागद मागा. आणि तो निघायच्या आत बॉयलर दोनदा चालवून घ्या: एकदा थंड असताना आणि एकदा पूर्ण तापून थांबल्यावर लगेच. गरम असताना पुन्हा पेटायला कुरकुर करणारा बर्नर थंड चाचणीत साळसूद वागतो आणि मेकॅनिक गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत लाल होतो.